बाहेरचं खा, पण गरम खा

"डॉक्टर, बाहेरचं खाल्लं तर चालेल का?" खारघरमध्ये प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. विचारणारे बरेच जण बाहेरगावचे असतात. टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये कुणाच्या वडिलांवर, कुणाच्या बहिणीवर कर्करोगाचे उपचार चालू असतात. सोबत आलेला नातेवाईक भाड्याच्या खोलीत आठवडेच्या आठवडे काढतो. स्वयंपाकाची सोय नसते, आणि जेवणावर दिवसाला शंभर-दीडशे रुपयांपेक्षा जास्त खर्च करणं जमत नाही. परीक्षेला किंवा मुलाखतीला मुंबईत येणाऱ्या मुलांचीही तीच गत असते.

अशा माणसाला "बाहेरचं टाळा" असं सांगणं म्हणजे जवळपास "उपाशी राहा" असं सांगणं आहे. आम्ही डॉक्टरांनी हा सल्ला बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्त अन्नाने माणूस आजारी पडत नाही. गार झालेलं, कच्चं, ओलं आणि उरलेलं अन्न त्याला आजारी पाडतं. हे चार शब्द लक्षात ठेवले, तर गाडीवरही नीट जेवता येतं आणि वातानुकूलित हॉटेलात कुठे सावध राहायचं तेही कळतं.

पोट नेमकं कशामुळे बिघडतं?

५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. आपल्याकडची दमट दुपार त्यांना फार मानवते. अनुकूल परिस्थितीत काही जंतूंची संख्या वीस-वीस मिनिटांत दुप्पट होते. म्हणून अन्न कुठे शिजलं यापेक्षा ते शिजून किती वेळ झाला, हे जास्त महत्त्वाचं.

वडापावचंच उदाहरण घ्या. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं मानलं जातं, आणि तेव्हापासून तो मुंबईच्या घाईतल्या माणसाचं जेवण झाला. उकडलेला बटाटा पुन्हा १६० ते १८० अंशांच्या तेलातून तळून निघतो. तो गरम वडा तुमच्यासमोर पावात गेला, तर जंतूंच्या दृष्टीने बराच सुरक्षित. धोका असतो तो पाणी घालून वाटलेल्या, सकाळपासून उघड्या राहिलेल्या हिरव्या चटणीत. लसणाची कोरडी लाल चटणी त्यापेक्षा बरी.

चायनीजच्या गाडीवर उलटी गोष्ट. कढईखालचा जाळ बघून आपल्याला विश्वास वाटतो, पण भात बऱ्याचदा काही तास आधी शिजवून ठेवलेला असतो. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष पुन्हा परतल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात "गरम करून" सुरक्षित होतो, हा समज चुकीचा आहे.

पाणीपुरीचं पाणी, बर्फ घातलेला रस, कापून ठेवलेली फळं आणि हॉटेलातली काकडी-कांद्याची बशी हे सगळं शिजवलेलं नसतं. ते ज्या पाण्याने आणि ज्या हातांनी तयार झालं, त्यावर सगळं अवलंबून. यातून टायफॉइड, कावीळ यांसारखे आजार होतात. टायफॉइडची लक्षणं साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, काविळीची त्याहून उशिरा, कधी महिना-दीड महिन्याने. तोवर तुम्ही गावी पोहोचलेले असता. त्यामुळे "खाल्लं आणि काही झालं नाही" यावर विसंबू नका. नेहमी प्रवास करावा लागत असेल, तर टायफॉइडच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

गाडीपाशी उभं राहून दोन मिनिटं बघा

- गिऱ्हाइकांची ये-जा आहे का? जिथे माल लवकर संपतो, तिथे तो शिळा होत नाही.
- पदार्थ तुमच्यासमोर गरम होतोय का? वाफाळती इडली, तव्यावरचा डोसा, उकळत्या कटाची मिसळ, गरम पोहे चालतील. मिसळीवरचा कच्चा कांदा नको म्हणून सांगा.
- पैसे घेणारा हात आणि अन्न वाढणारा हात एकच आहे का? असेल तर चमचा किंवा चिमटा वापरणारी गाडी शोधा.
- तेल काळं, फेसाळ, धुरकट दिसतंय का? पुढे चला.
- खाणं छापील वर्तमानपत्रात बांधून देतात का? शाई अन्नाला लागते. आपला डबा किंवा ताटली पुढे करा.

पिण्याचं पाणी मात्र स्वतःचं ठेवा. रुग्णालयातल्या शुद्ध पाण्याच्या नळावर बाटली भरून घेतली, तर तेवढे पैसेही वाचतात.

पोट भरणं आणि पोषण होणं

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वडापाव आणि चहा घेतला तर पोट भरतं, पण प्रथिनं आणि भाज्या फारशा मिळत नाहीत. थकवा येतो, बद्धकोष्ठता होते. तेवढ्याच पैशात थोडी अदलाबदल करा. सकाळी इडली-सांबार किंवा पोहे, सोबत उकडलेलं अंडं. दुपारी एक पूर्ण जेवण. मधे स्वतः सोललेलं केळं, मूठभर शेंगदाणे-फुटाणे.

पूर्ण जेवणासाठी खानावळ शोधा. गिरणगावातल्या बायकांनी कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालून ही पद्धत रुजवली. त्याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पोळी, भाजी, वरण, भात असं साधं ताट रोज मिळालं तर शरीराला आणखी फार काही लागत नाही. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीतही हेच चार पदार्थ होते. जवळ केंद्र चालू असेल तर संकोच न करता जा.

मधुमेह असेल तर

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन रांगेत उपाशी उभं राहणं धोक्याचं आहे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही साखर उतरल्याची लक्षणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या आणि मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तातडीने रुग्णालयात न्या. खिशात साखरेची पुडी आणि बिस्किटं ठेवाच.

आणखी एक. वरचं सगळं सोबतच्या माणसासाठी आहे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते, त्याच्या जेवणाचे नियम त्याचे डॉक्टरच सांगतील. गाडीवरचं त्याला देऊ नका.

पोट बिघडलंच तर

ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा. मोठी पुडी एक लिटरसाठी असते, ती पेल्याभर पाण्यात घालू नका. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाणी, सहा चहाचे सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. गोड पेयांचे खोके म्हणजे ओआरएस नव्हे. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. शौचातून रक्त, जास्त ताप, पाणीही न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लहान मूल, वृद्ध किंवा गरोदर बाई असेल तर त्याआधीच जा.

एक नळ पुरे

शेवटी एक मागणी. रुग्णालयांबाहेरच्या गाड्या हटवल्या जातात, दोन दिवसांनी परत येतात, कारण त्यांची गरज असते. त्यांना हटवण्यापेक्षा शुद्ध पाण्याचा एक नळ, हात धुण्याची जागा आणि कचऱ्याचा डबा द्या. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या खाऊगल्लीला २०१८ मध्ये देशातलं पहिलं 'स्वच्छ स्ट्रीट फूड हब' म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे हे जमण्यासारखं आहे. गाडीवाल्याला नळ मिळाला, तर त्या गाडीवर जेवणाऱ्या शेकडो माणसांचे आजार टळतील. औषधं लिहून देण्यापेक्षा मला ते केव्हाही आवडेल.

तोवर तुम्ही एवढंच करा: गरम खा, समोर शिजलेलं खा, पाणी आपलं प्या, आणि रुग्णाच्या काळजीत स्वतःचं जेवण चुकवू नका. तुम्ही आजारी पडलात, तर त्याच्या उशाशी कोण बसणार?