विश्लेषण : पडद्यावरचे ३७ अंश खरे मानायचे का?

अंगात एक अंश ताप चढला तरी आपण तापमापी शोधतो. शरीराबाहेर काचेच्या बशीत वाढवलेल्या जिवंत पेशी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास काही अंश थंड राहू शकतात आणि यंत्राच्या पडद्यावर ‘३७ अंश सेल्सिअस’ असेच झळकत राहते. हा तपशील किरकोळ नाही. प्रयोगाचा निष्कर्षच त्यामुळे चुकू शकतो.

पेशींना फरक पडतो?

पडतो. मानवी पेशी ३७ अंशांच्या आसपास नीट वाढतात. तापमान उतरले की एन्झाइमचे काम मंदावते आणि विभाजनाला जास्त वेळ लागतो. विभाजनावेळी गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका तर थंडीत विरघळू लागतात. मग एखादे औषध दिल्यावर पेशी मंदावल्या, तर तो परिणाम औषधाचा की थंडीचा?

उष्णता जाते कुठे?

जास्त बारकाईने पाहण्यासाठी भिंग आणि बशीची काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवतात. ही काच जेमतेम ०.१७ मिलिमीटर जाडीची. धातूत बसवलेले थंड भिंग तेलामार्फत नेमकी तिथलीच उष्णता शोषते, जिथे आपण पाहत असतो. तापमानाचा संवेदक मात्र बहुधा बशीच्या कडेला, तापवलेल्या पट्टीत असतो. तो स्वतःचे तापमान सांगतो, पेशीचे नाही.

उपाय कोणते?

बशीभोवतीची तापवलेली पेटी, भिंगाला गुंडाळायचा तापपट्टा किंवा संपूर्ण सूक्ष्मदर्शक झाकणारा उबदार कक्ष. कक्ष सर्वांत स्थिर, पण तापायला काही तास घेतो. तेवढा धीर धरला नाही तर चित्र हलते : १० सेंटिमीटर लांबीचा ॲल्युमिनिअमचा भाग एका अंशाने तापला की सुमारे २.३ मायक्रोमीटर लांबतो, तर शक्तिशाली भिंगाचा फोकस एक मायक्रोमीटरही खोल नसतो. एसीचा झोत थेट यंत्रावर येत असेल तर वेगळे सांगायलाच नको.

सामान्यांशी संबंध काय?

‘टेस्ट ट्यूब बेबी’च्या प्रयोगशाळेत शुक्राणू स्त्रीबीजात सोडण्याचे काम सूक्ष्मदर्शकाखालीच चालते. स्त्रीबीजातील गुणसूत्रे सांभाळणारी सूक्ष्मनलिकांची रचना खोलीच्या तापमानाला काही मिनिटांतच मोडू लागते आणि पुन्हा ऊब मिळाली तरी ती पूर्ववत होईलच असे नाही. म्हणूनच तिथे तापवलेला मंच अनिवार्य मानला जातो. पण मंच तापला म्हणजे बशीतला थेंब तापला, असे गृहीत धरता येत नाही.

मग करायचे काय?

उत्तर महागडे नाही. केसासारखा बारीक थर्मोकपल पेशींच्या द्रवात, भिंग तेलाला टेकलेले असताना, ठेवून मोजायचे. त्या आकड्यानुसार यंत्र जुळवायचे आणि तो नोंदवहीत लिहायचा. ऋतू, भिंग किंवा बशी बदलली की पुन्हा मोजायचे. उत्तम सूक्ष्मदर्शकावर कोटीच्या घरात खर्च करणाऱ्या संस्थांना हे सहज परवडते. शोधनिबंधातही केवळ ‘३७ अंशांवर ठेवले’ असे वाक्य पुरेसे मानू नये. कुठे आणि कसे मोजले, हे संपादकांनी विचारलेच पाहिजे. रुग्णाच्या तक्त्यावर आपण खोलीचे तापमान लिहीत नाही. मग पेशीच्या बाबतीत ते का चालवून घ्यायचे?