आकडे मिरवू नका, मृत्यू नीट मोजा

‘आमचे आजे-पणजे नव्वदीपर्यंत ठणठणीत असत; आजचा माणूस साठीतच कोलमडतो,’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभली आहे. याच्या नेमके विरुद्ध दुसरे वाक्य शासकीय अहवालांत आणि व्यासपीठांवर ऐकू येते. स्वातंत्र्याच्या सुमारास अवघे ३२ वर्षे असलेले भारतीयांचे सरासरी आयुर्मान आता सत्तरीला पोहोचले, म्हणजे आपले वृद्ध दुपटीने जगू लागले, असे ते सांगते. पहिल्या वाक्यात गतकाळाचे गोडवे आहेत, दुसऱ्यात वर्तमानाची पाठ थोपटणे आहे. वस्तुतः दोन्ही वाक्ये दिशाभूल करणारी आहेत आणि या दोहोंच्या कात्रीत ज्याची खरी उपेक्षा होते, तो आहे खेड्यापाड्यातील वृद्ध पुरुष.

प्रथम दुसऱ्या वाक्याचा समाचार घेऊ. ३२ वर्षांचे आयुर्मान म्हणजे सर्व माणसे बत्तिशीतच मरत होती असे नव्हे. बालमृत्यूंचे प्रमाण भयावह होते, त्यामुळे सरासरी खाली ओढली जात होती. देवी, मलेरिया, अतिसार यांना आवर बसला, लसीकरण पोहोचले, लेकरे वाचली आणि सरासरी वर गेली. हे यश निःसंशय मोठे आहे; पण ते प्रामुख्याने पाळण्यातले यश आहे, आरामखुर्चीतले नव्हे. वृद्धांचे काय झाले हे पाहायचे तर साठी गाठलेला माणूस त्यापुढे किती जगतो, हे पाहावे लागेल. नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७०-७५ या काळात साठ वर्षांच्या भारतीय पुरुषापुढे सरासरी सुमारे १३ वर्षे होती. २०१४-१८ मध्ये ती १७ च्या थोडी पुढे गेली. जवळजवळ अर्धशतकात अवघी चार वर्षे! याच काळात साठीच्या स्त्रीचे उर्वरित आयुष्य सुमारे १४ वरून १९ च्या जवळ आले. ३२ आणि ७० हे आकडे शेजारी ठेवून टाळ्या घेणाऱ्यांनी १३ आणि १७ हे आकडे शेजारी का ठेवू नयेत?

आता पहिल्या वाक्याकडे वळू. नव्वदीचे आजोबा आपल्याला आठवतात, कारण ते जगले. त्यांच्याबरोबर जन्मलेले आणि चाळिशी-पन्नाशीत गेलेले त्यांचे भाऊ, चुलतभाऊ, शेजारी कोणाच्या स्मरणात आहेत? जे उरले त्यांच्यावरून जे गेले त्यांचा हिशेब मांडणे हा तर्क नव्हे, स्मरणरंजन आहे. शिवाय ‘नव्वदी’ तरी कशावरून? जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पिढीने वय सांगताना ६०, ६५, ७० असे गोळाबेरीज आकडे सांगितले आणि उतारवयात ते वाढवूनही सांगितले. जनगणनेच्या तक्त्यांत शून्य आणि पाच या अंकांवर वयांचे ढीग साचलेले दिसतात, ते याचमुळे.

मात्र खरा घोळ यापुढे आहे. दोन काळांतील वृद्धांचा मृत्युदर ताडून पाहण्याची आपली रीतच सदोष आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या परिसरात पूर्वी एक हजार वृद्ध पुरुष होते. ९०० जण साठ ते पंचाहत्तरच्या दरम्यान आणि १०० जण त्यापुढचे. पहिल्या गटाचा मृत्युदर हजारी ४० आणि दुसऱ्याचा १२० धरला, तर वर्षाला ३६ अधिक १२, असे ४८ मृत्यू होतील. आता तेथील हजार वृद्धांपैकी ७०० पहिल्या गटात आणि ३०० दुसऱ्या गटात आहेत. दोन्ही गटांचे दर घटून ३० आणि १०० झाले. मृत्यू किती? २१ अधिक ३०, म्हणजे ५१! प्रत्येक वयोगटात सुधारणा झाली, तरी एकूण दर वाढलेला दिसतो, कारण माणसे अधिक वृद्ध होईपर्यंत जगली. हाच न्याय राज्यांनाही लागू आहे. २०१९ मध्ये केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी ७.१ आणि बिहारचा ५.५ होता. म्हणून केरळपेक्षा बिहार निरोगी आहे, असे म्हणायचे काय? केरळचे आयुर्मान ७५ च्या घरात आहे, बिहारचे ६९ च्या. वयोगटांची फोड न करता केलेली तुलना शुद्ध धूळफेक ठरते, ती अशी.

याचा सर्वांत बोलका दाखला वर्धा जिल्ह्यातच आहे. वर्धा शहराच्या एका अंगाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय. दुसऱ्या अंगाला सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडतो तेथे होते. सावंगीच्या रुग्णशय्येवर शेजारच्या जिल्ह्यातला शेतकरी शेवटचा श्वास घेतो, तेव्हा ती नोंद त्याच्या गावाची राहत नाही. परिणामी जेथे मोठे रुग्णालय उभे राहते, ते गाव कागदावर मृत्यूचे आगर ठरते आणि जेथे साधा दवाखानाही नाही, ते गाव आरोग्यसंपन्न दिसते! मृताचा नित्य निवास आणि वय यांनुसार फेरमांडणी केल्याविना सावंगीची १९९० पूर्वीची आणि आजची मृत्युसंख्या ताडून पाहणे म्हणजे हास्यास्पद उद्योग आहे.

कारणांची कथा याहून करुण आहे. इंग्रजी अमदानीत कोतवाल बुकात मृत्यूचे कारण म्हणून बहुधा ‘ताप’ एवढेच लिहिले जाई. आज आपण कोठे आहोत? २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. बाकीच्यांसाठी ‘म्हातारपणाने गेले’ हे लोकमान्य निदान! परंतु म्हातारपण हा रोग नव्हे. पक्षाघात, हृदयविकार, क्षय, दमा, कर्करोग ही कारणे आहेत आणि त्यांपैकी कित्येक टाळता येतात. इंग्लंडमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत स्त्रियांचे आयुष्य वाढत असताना वृद्ध पुरुषांचा मृत्युदर जवळजवळ जागचा हलत नव्हता. तेथील संशोधकांनी हे ‘वय’ म्हणून सोडून दिले नाही. रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून डॉक्टरांच्याच आयुष्याचा मागोवा घेतला आणि २००४ मध्ये पन्नास वर्षांचा हिशेब मांडला: आजन्म धूम्रपान करणारा सरासरी दहा वर्षे आधी मरतो. आपल्याकडेही दशलक्ष मृत्यू अभ्यासाने विडीपायी पुरुषाची सुमारे सहा वर्षे जातात, हे दाखवून दिले. विदर्भात तर पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा घराघरांत शिरला आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, वर्धा जिल्ह्यात दारूबंदीला पाच दशके होत आली. मग वृद्ध पुरुषाच्या पदरी किती वर्षे पडली, हे शासनाने कधी मोजले आहे काय? नमुना नोंदणी पद्धती राज्यापर्यंत येऊन थांबते. जिल्ह्याच्या वाट्याला अंधारच येतो.

या अंधाराची किंमत आपण महामारीत मोजली. २०१९ मध्ये देशात ७६.४ लाख मृत्यूंची नोंद झाली, २०२० मध्ये ८१.२ लाखांची आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांची. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये दोन वर्षांसाठी सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज मांडला, तेव्हा भारत शासनाने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा अधिकार निर्विवाद आहे. पण परकीय अंदाजाला खरे उत्तर निषेधाचे नसते, स्वतःच्या चोख मोजणीचे असते. ती मोजणी, म्हणजे २०२१ ची नोंदणी आकडेवारी, प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडले! २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतिथी आहे. छेदच ठाऊक नसताना दर कोण काढणार? जे राष्ट्र आपले मृत्यू स्वतः मोजत नाही, त्याचे मृत्यू दुसरेच मोजतात.

म्हणून मागणी साधी आहे. मृत्यूची मांडणी नित्य निवासानुसार व्हावी. साठीपुढील पाच-पाच वर्षांच्या वयोगटांतील स्त्री-पुरुषांचे दर जिल्हावार आणि दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेने रुग्णालयांवर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देण्याचे बंधन घातले आहे, ते काटेकोरपणे पाळले जावे आणि घरी होणाऱ्या मृत्यूंची कारणे आशा सेविका व प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकरवी विचारून नोंदवली जावीत. दोन-दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या वर्धा जिल्ह्याने हे करून दाखवले, तर तो देशाला वस्तुपाठ ठरेल. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला २०२४ पासून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कवच मिळाले, हे स्वागतार्हच. पण त्याने मृत्यू टळतात की नाही, हे मोजणीविना कळणार कसे?

ज्या समाजात वारसनोंद आणि सातबाऱ्यावरील फेरफार यांच्यापुरतीच बापाच्या मृत्यूच्या दाखल्याची आठवण होते, त्याने पितृऋणाच्या गप्पा मारू नयेत. ते ऋण फेडण्याची पहिली पायरी म्हणजे आपले वडील कोणत्या वयात आणि कशाने गेले, याची खरी नोंद करणे.