घराचा पाया

हौसेने फेरफार केलेली वेगवान मोटार घराच्या बचतीसाठी विकणे हा विवेक होय. परंतु त्या विवेकाची कसोटी विक्रीच्या वेळी लागते. केलेले फेरफार खरेदीदाराला सांगावेत की लपवावेत? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल, असा बदल करण्यास सामान्यतः मनाई आहे. ते लपवले, तर आपल्या हौसेचा भुर्दंड निरपराध खरेदीदाराला पडेल. म्हणून शक्य ते मूळ भाग पुन्हा बसवावेत व उरलेले बदल लेखी कळवावेत. नोंदणी त्याच्या नावे होईपर्यंत पाठपुरावाही करावा. कारण तोवर कायद्याच्या दृष्टीने मालक आपणच असतो. किंमत कदाचित कमी येईल. पण फसवणुकीच्या पैशावर उभारलेल्या घरात सुखाची झोप कशी लागणार?