तक्रार घरातली, ठपका बाहेरच्यांवर

सूचीबद्ध कंपनीच्या आत काय शिजतंय ते भागधारकांना वेळेत कळलं पाहिजे, असा बाजार नियामक सेबीचा आग्रह असतो. त्याच सेबीच्या आत काय शिजतंय हे सांगायला तिच्या अधिकाऱ्यांना ऑगस्ट २०२४ मध्ये थेट केंद्रीय अर्थ मंत्रालयाला पत्र लिहावं लागलं. सुमारे हजार अधिकाऱ्यांपैकी जवळपास निम्मे त्यामागे होते. बैठकांमध्ये आरडाओरडा आणि चारचौघांत पाणउतारा नित्याचा झालाय, कामाची उद्दिष्टं अवास्तव आहेत आणि मध्येच बदलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. हजेरीवर नजर ठेवणाऱ्या फिरत्या फाटकांचाही पत्रात उल्लेख होता. मला हे फाटकच सगळ्यात बोलकं वाटतं. बैठकीत झापलं गेल्यावर कोणी बाहेर जाऊन उभं राहिलं, तर त्या दहा मिनिटांची नोंद होते. झापल्याची होत नाही.

व्यवस्थापन कर्मचाऱ्यांपासून तुटतं तेव्हा वरच्यांना माहिती मिळत नाही, असं आपण समजतो. माहिती तर ढीगभर असते. कामाच्या उद्दिष्टांचे (केआरए) तक्ते, हजेरी, वार्षिक पाहणी, सगळं टेबलावर. पण ती वरून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं असतात. न विचारलेली गोष्ट एकेक पायरी चढताना गोड होत जाते. खालचा म्हणतो, ‘लोक वैतागलेत.’ विभागप्रमुख साहेबांना सांगतो, ‘थोडी नाराजी आहे.’ आणखी वर ती ‘बदलाला जरा वेळ लागतोय’ होते. यात कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही. वाईट बातमी ज्याला सांगायची, आपला गोपनीय अहवालही त्याच्याच हातात असतो, एवढं प्रत्येकाला ठाऊक असतं.

मग एक दिवस ती गोष्ट जिना सोडून खिडकीतून बाहेर पडते आणि वरच्यांना वाटतं, ही बाहेरूनच आली. सेबीनं ४ सप्टेंबरला काढलेल्या पत्रकाचा सूर नेमका हा होता: आरोप चुकीचे आहेत, कनिष्ठ अधिकाऱ्यांना बाहेरची मंडळी फूस लावत आहेत. दुसऱ्याच दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुख्यालयाबाहेर कर्मचारी शांतपणे निदर्शनं करत उभे राहिले. पत्रक मागे घ्या, ही त्यांची एक मागणी होती. म्हणजे मूळ गाऱ्हाण्याइतकाच ‘तुम्हाला स्वतःचं डोकं नाही’ हा शेरा त्यांना झोंबला होता.

यावर सेबीची बाजूही होती. मूळ मुद्दा घरभाड्याच्या भत्त्यात ५५ टक्के वाढीचा, बाकी सगळा देखावा. आणि आढावा बैठकांचं स्वरूप आता बदललं आहे, असा तिचा दावा होता. भत्त्याची मागणी असेलही. पण भत्ता हवा असणाऱ्या माणसाला अंगावर ओरडणं नको असू शकतं, आणि बैठकांचं स्वरूप ‘बदललं’ म्हणताना ते आधी बिघडलेलं होतं, हे आपोआप कबूल होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाजारावर पहारा देणाऱ्या संस्थेत ढिलाई परवडत नाही, कडक वरिष्ठ नेहमीच अप्रिय असतो. खरंय. मात्र कडकपणा कामाच्या मुदतीत दाखवता येतो, त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. शिवाय पहारेकऱ्याचं खरं काम संशय बोलून दाखवण्याचं. साहेबांपुढे तोंड उघडायला घाबरणारा अधिकारी बड्या कंपनीच्या हिशेबातली खोट दिसली तर ती फाइलवर ठामपणे लिहील, यावर मी पैज लावणार नाही.

ज्या पत्रकातून कर्मचाऱ्यांना खोडून काढलं होतं, ते सेबीनं १६ सप्टेंबरला मागे घेतलं. बारा दिवसांत.