ते आमदार होते, हे बरेच झाले

१९७३ च्या जुलैमध्ये व्ही. आर. कृष्ण अय्यर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तेव्हा मुंबईच्या वकीलवर्गातून विरोधाचा सूर उमटला होता. केरळात कम्युनिस्टांच्या मंत्रिमंडळात बसलेला, निवडणुका लढवलेला माणूस. तो निःपक्षपाती न्याय काय देणार? आक्षेप घेणाऱ्यांत सोली सोराबजींसारखे मातब्बर होते. आपला अंदाज चुकला, हे सोराबजींनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. तो त्यांचा दिलदारपणा. माझे म्हणणे जरा पुढचे आहे. कृष्ण अय्यर राजकारणात राहूनसुद्धा चांगले न्यायाधीश झाले, असे आपण कौतुकाने म्हणतो. मला वाटते, ते आमदार-मंत्री होते म्हणूनच तसे न्यायाधीश होऊ शकले.

हे लिहिणारा मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी चालवणारा वकील. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहे, म्हणजे ज्यांच्याकडे फी नाही त्यांची वकीलपत्रे माझ्याकडे येतात. ४ डिसेंबर २०१४ रोजी, नव्व्याण्णव पूर्ण करून काही दिवस झाले असताना, कृष्ण अय्यर कोचीत गेले. आमच्या बार रूममध्ये त्यांची तसबीर नाही. त्यांचे निकाल मात्र रोज कामी येतात.

त्यांची वाट सरळ नव्हती. तलश्शेरीला वकिली करताना ते शेतमजुरांचे आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचे खटले घेत. त्यापायी १९४८ मध्ये त्यांना स्वतःलाच महिनाभर तुरुंगात बसावे लागले. १९५२ मध्ये ते मद्रास विधानसभेत गेले आणि १९५७ मध्ये तलश्शेरीतून अपक्ष म्हणून निवडून येऊन ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. कायदा, तुरुंग, वीज, पाटबंधारे अशी खाती त्यांच्याकडे होती. १९५९ मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले. पुढे १९६८ मध्ये केरळ उच्च न्यायालय, मग विधी आयोग, मग दिल्ली. आधी कोठडी आतून पाहिली, मग त्याच तुरुंगांचे खाते सांभाळले आणि शेवटी त्या भिंतींआड काय चालते याचा न्यायनिवाडा केला, असा दुसरा न्यायाधीश मला तरी ठाऊक नाही.

म्हणून तिहारमधून सुनील बत्रा नावाच्या फाशीच्या कैद्याचे पत्र आले, तेव्हा त्यांनी ते बाजूला सारले नाही. पत्र बत्राने स्वतःसाठी लिहिलेले नव्हते. शेजारच्या एका कैद्याला, त्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने अमानुष मारहाण केली, अशी ती तक्रार होती. ना शपथपत्र, ना कोर्ट फी, ना वकील. कृष्ण अय्यरांनी त्या कागदालाच याचिका मानले आणि न्यायालयाचे मित्र म्हणून डॉ. वाय. एस. चितळे व मुकुल मुद्गल यांना थेट तुरुंगात पाठवले. एकांतकोठडी, दांडाबेडी, हातकड्या या सगळ्यांवर १९७८ ते १९८० या काळात त्यांनी जे लिहिले, त्याचा गाभा साधा होता: शिक्षा झाली की माणसाचे स्वातंत्र्य जाते, माणूसपण जात नाही.

महाराष्ट्राशी जोडलेला एक निकाल त्यांच्यावरील लेखांत क्वचितच सापडतो. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ऑगस्ट १९७८. आरोपी विद्यापीठात शिकवणारा आणि बनावट पदव्यांच्या प्रकरणात अडकलेला. सहानुभूती वाटावी असा मुळीच नाही. सत्र न्यायालयाने त्याला नाममात्र शिक्षा देऊन सोडले होते, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयात तो आला चार वर्षांहून अधिक उशिराने. कारण काय, तर निकालाची प्रत हातात मिळालीच नाही. तुरुंगाचे म्हणणे, आम्ही दिली. पोच कुठे आहे? नव्हती. कृष्ण अय्यरांनी त्याची याचिका फेटाळली, पण फेटाळता फेटाळता देशभरच्या कैद्यांसाठी नियम घालून दिला: निकालाची प्रत कैद्याला मोफत आणि तत्काळ द्यायची, त्याची लेखी पोच घ्यायची आणि अपिलासाठी गरज असेल तर वकील सरकारी खर्चाने द्यायचा. आज जेलमधून माझ्याकडे कागद येतात ते याच वाटेने. आरोपी हरला, आणि त्याच्यामागे रांगेत उभे असलेले हजारो जिंकले.

तरीही एकच निकाल निवडायचा तर मी मोतीराम निवडेन. तोही ऑगस्ट १९७८ चाच. मध्य प्रदेशातला हा गवंडी. जामीन सर्वोच्च न्यायालयानेच मंजूर केलेला. फक्त रक्कम ठरवण्याचे काम खाली सोपवलेले. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. प्रकरण पुन्हा दिल्लीत गेले. कृष्ण अय्यरांनी त्या गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडले आणि विचारले, देश एक आहे तर शेजारच्या जिल्ह्यातला भाऊ परका कसा?

मी कर्नाटकाच्या सीमेलगत वकिली करतो. आमच्याकडे असे मोतीराम भरपूर. बांधकामावर आलेला गवंडी, ऊसतोडीला आलेले जोडपे, हॉटेलात कपबशा धुणारा पोरगा. गुन्हा किरकोळ, जामीन मंजूर, आणि ऑर्डरच्या शेवटच्या ओळीत ‘एक स्थानिक सक्षम जामीनदार’. सीमेपलीकडच्या गावाहून भाऊ जमिनीचा उतारा घेऊन येतो. कन्नड कागद पाहून तो बाजूला ठेवला जातो. इथला सातबारा आणा, ऐपतीचा दाखला आणा, घरपट्टीची पावती आणा. असाच एक भाऊ मला म्हणाला, “वकीलसाहेब, आमची जमीन काय जमीन न्हाई व्हय?” उत्तर द्यायला मोतीरामचा निकाल होता. तो मी दाखवलाही. पण युक्तिवाद ऐकून ऑर्डर बदलेपर्यंत पोरगा आतच.

मग कोर्टाच्या गेटबाहेर चहाच्या टपरीपाशी उभे असणारे भाड्याचे जामीनदार कामाला येतात. त्यांचा सातबारा इतक्या वेळा झेरॉक्स झालेला असतो की तलाठ्याचा शिक्का म्हणजे नुसता काळा डाग उरतो. अनोळखी माणसाची हमी पैसे घेऊन देणारा हा इसम कायद्याला चालतो आणि सख्खा भाऊ चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सांगितले की स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका रखडते, ती घालू नये. जामीन होऊनही महिनाभरात माणूस बाहेर आला नाही तर अटीच सैल करण्याचा विचार व्हावा. चव्वेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली, यात मोठेपण कोणाचे आणि लाज कोणाची?

त्यांच्या नावावर एक ओझेही आहे, ते टाळून श्रद्धांजली होत नाही. जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केलेली. सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी; सुट्टीतले न्यायाधीश कृष्ण अय्यर. कायदामंत्री हरिभाऊ गोखले, जे स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, त्यांनी भेटण्यासाठी फोन केला. कृष्ण अय्यरांनीच नंतर सांगितले आहे की भेट नाकारून त्यांनी अर्ज रजिस्ट्रीत दाखल करायला सांगितले. २४ जूनला आदेश आला: पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बोलता येईल, पण खासदार म्हणून मतदान नाही आणि मानधनही नाही. बिनशर्त स्थगिती द्यायला हवी होती असे एका बाजूचे, स्थगितीच द्यायला नको होती असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली. माझ्या मते आदेश प्रचलित रिवाजाला धरून होता. आणि जुना राजकारणी सत्तेपुढे वाकेल ही भीती ज्यांना होती, त्यांना त्या फोनवरच उत्तर मिळाले.

दोष होतेच. त्यांचे इंग्रजी वाचताना शब्दकोश उघडा ठेवावा लागतो. ज्या अडाणी माणसासाठी निकाल लिहिला, त्याच्या वकिलालासुद्धा तो दोनदा वाचावा लागावा हे काही बरे नव्हे. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालात त्यांनी ‘उद्योगा’ची व्याख्या इतकी ताणली की इस्पितळे आणि शिक्षणसंस्थाही तीत आल्या, त्या वादावर पुढे नऊ न्यायाधीशांचे पीठ बसवावे लागले. पण रतलामच्या उघड्या गटारांबद्दल नगरपालिका ‘पैसे नाहीत’ म्हणाली, तेव्हा ती सबब चालणार नाही असे बजावणारेही तेच. अंदाजपत्रकातली रड त्यांनी मंत्री असताना पुष्कळ ऐकली असणार. खरी अडचण कोणती आणि पळवाट कोणती, हे त्या खुर्चीत बसलेल्याला लवकर कळते.

न्यायाधीश राजकारणापासून दूर हवा, हे खरेच. निवृत्तीनंतर पदाची आशा धरून निकाल लिहिणाऱ्याची भीती मलाही वाटते. पण मतदाराच्या दारात कधीच न गेलेला, तुरुंगाची पायरी फक्त पाहुणा म्हणून चढलेला न्यायाधीश आपोआप निःपक्षपाती होतो, हे मला पटत नाही. त्याला ऐपतीचा दाखला म्हणजे एक कागद वाटतो. तो काढायला तहसीलमध्ये किती दिवसांची मजुरी बुडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

माझी विनंती दोघांना आहे. ऑर्डर लिहिणाऱ्यांनी ‘स्थानिक’ हा शब्द लिहिण्याआधी मोतीराम एकदा वाचावा. आणि वकीलमित्रांनो, यंदा ४ डिसेंबरला हार-भाषणांचा कार्यक्रम ठेवू नका. जामीन होऊनही जामीनदाराअभावी आत असलेल्यांची यादी जवळच्या जेलमधून मागवा आणि एकेकाने एकेका नावासाठी अटी सैल करण्याचा अर्ज द्या. फी मिळणार नाही.