चोवीस पटींची दुर्बीण

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक खोकें आलें. जवळा बाजारास पार्सल येण्याचें आतां कोणास नवल उरलेलें नाहीं; परंतु हें खोकें आमच्या पुतण्याच्या मुलानें, इयत्ता नववींत शिकणाऱ्या चिरंजीवानें, स्वतःच्या पैशांनीं मागविलें होतें. मुंजींत भिक्षावळीचे म्हणून जे पैसे जमले, ते त्याच्या आईनें कपाटांत जपून ठेविले होते. त्यांतले साडेचार हजार रुपये या खोक्यांत गेले. आंत निघाली बंदुकीवर बसवावयाची दुर्बीण.

या छंदाचें मूळ सांगितलें पाहिजे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं पॅरिस येथें ५० मीटर रायफलच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. ही स्पर्धा गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून अशा तीन आसनांची असते. त्या सायंकाळपासून आमच्या चिरंजीवास दुसरें कांहीं सुचेना. मामाकडून त्यानें स्प्रिंगची छर्र्याची बंदूक आणली. ओसरीच्या कडेपासून परसांतल्या विहिरीच्या भिंतीपर्यंत मीं टेप धरून बरोबर दहा मीटर मोजून दिले, भिंतीशीं रद्दी गच्च भरलेला पत्र्याचा डबा ठेविला, आणि नेमबाजी चालू असतां परसाच्या दाराची कडी आंतून लावलेली असावी व पांखरांवर नेम धरूं नये असा नियम घातला.

"अण्णा, हिच्यांतून निशाण चोवीस पट मोठें दिसतें. आतां नेम चुकायचा नाहीं," तो म्हणाला.

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास अशा वेळीं द्रोणाचार्यांची परीक्षा आठवावयाचीच. आपण सारे ती गोष्ट पक्ष्याच्या डोळ्याची म्हणून सांगतों. आदिपर्वांत मात्र अर्जुनास दिसतें तें पक्ष्याचें मस्तक, आणि तो पक्षी कारागिरांकडून करविलेला कृत्रिम भास पक्षी आहे. अर्जुनाला मस्तकाखेरीज कांहीं दिसत नव्हतें. चिरंजीवाची अपेक्षा अशी, कीं तें दिसेनासें करण्याचें काम साडेचार हजारांच्या नळीनें करावें!

विक्रेत्याची माल परत घेण्याची मुदत सात दिवसांची होती. तेवढ्यांत तिची परीक्षा घ्यावी असें आम्हीं दोघांनीं ठरविलें. घरोघरीं मुलांच्या हातीं ही वस्तु येऊं लागली आहे, म्हणून ती परीक्षा सविस्तर देतों.

दुर्बिणीवर '६-२४×५०' असें लिहिलेलें होतें. म्हणजे निशाण सहापासून चोवीस पटींपर्यंत मोठें करतां येतें, आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर आहे. ५० ला पटीनें भागलें म्हणजे डोळ्याशीं येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी निघते. सहा पटींस ती आठ मि.मी. भरते, चोवीस पटींस जेमतेम दोन. त्यामुळें सायंकाळीं साडेपांचास चोवीस पटींवर आम्हांस निशाणाच्या जागीं करडें धुकें दिसलें; आठ पटींवर तेंच निशाण स्वच्छ होतें. प्रथम मला वाटलें, दोष माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याचा असावा. पण सूनबाईंनींही पाहून तेंच सांगितलें.

दुसरी परीक्षा दृष्टिभेदाची. बंदूक वाळूच्या पिशवीवर पक्की टेकवावी, तिला हात न लावतां डोळा दुर्बिणीमागें डावीउजवीकडे हलवावा, आणि आंतल्या उभ्याआडव्या तारा निशाणावरून सरकतात काय तें पाहावें. सरकत असतील, तर बंदूक स्थिर असूनही नेम डोळ्याच्या जागेवर अवलंबून राहिला. मोठ्या बंदुकांच्या साध्या दुर्बिणी शंभर यार्डांस जुळविलेल्या असतात. तशी ४० मि.मी. भिंगाची दुर्बीण दहा मीटरवर वापरली, आणि डोळा अगदीं कडेस गेला, तर चूक अठरा मि.मी.पर्यंत जाऊं शकते. आमच्या दुर्बिणीस पुढें फिरतें कडें होतें व त्यावर दहाचा आंकडाही होता. तो लावला तरी चोवीस पटींवर निशाण धूसर राही आणि तारा एका छर्र्याच्या रुंदीइतक्या सरकत.

तिसरी परीक्षा चौकोनाची. भूमितीच्या मास्तरास ती विशेष आवडली. नेम सुधारण्याच्या चकत्या खट्‌खट् आवाज करीत फिरतात. पाव मिनिटाच्या कोनाच्या एका खटक्यानें दहा मीटरवर सुमारें पाऊण मि.मी. फरक पडतो. नेम एकाच ठिकाणीं धरून एक छर्रा मारावा. मग वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खालीं, वीस डावीकडे, आणि प्रत्येक वेळीं एकेक छर्रा. पांचवा छर्रा पहिल्याच छिद्रांत गेला पाहिजे. आमचा चार मि.मी. बाहेर गेला. दुसऱ्या वेळीं तो दुसऱ्याच बाजूस गेला. एकाच दिशेची चूक असती तर हिशेबांत धरतां आली असती. ही धरतां येईना.

स्प्रिंगच्या बंदुकीचा आणखी एक उपद्रव आहे. तिचा दट्ट्या पुढें सुटतांना बंदूक मागें जाते, व तो थांबतांना ती पुढें हिसका देते. केवळ मागचा धक्का सोसण्यास केलेल्या दुर्बिणी या दुहेरी हिसक्यानें खिळखिळ्या होतात. चाळीस छर्र्यांत आमच्या दुर्बिणीच्या कड्या चांगल्या अर्धा बोट मागें सरकल्या. कडीस खालून अडणीचा खिळा असता तर हें टळलें असतें.

हे सर्व दोष जास्त पैसे मोजून टाळतां येतात, हें चिरंजीवानें लगेच दाखवून दिलें, आणि तें खरें आहे. पुढची गोष्ट मात्र पैशांनीं सुटणारी नव्हे.

चोवीस पटींनीं दहा मीटरवरचें निशाण सुमारें ४२ सेंटिमीटरवर, म्हणजे पुस्तक वाचावयास धरतों तेथें, येऊन बसतें. त्याबरोबर हाताचा कंपही तेथें येतो. उभ्यानें नेम धरला कीं प्रत्येक श्वासास, इतकेंच काय, नाडीच्या ठोक्यासही तारा उसळत. मुलगा तारा काळ्या ठिपक्यावरून जाण्याची वाट पाही व ती गेली रे गेली कीं चाप ओढी. साध्या माशीनें मारलेले त्याचे दहा छर्रे पांच रुपयांच्या नाण्याखालीं झांकत. चोवीस पटींचे दहा झांकावयास वाटी लागली. आठ पटींवर ते पुन्हा जवळ आले. पूर्वीं हात कमी हालत होता असें नाहीं. हालतो हें त्यास दिसत नव्हतें, म्हणून तो चाप हळू दाबीत असे.

शेवटीं मीं त्यास विचारलें, स्पर्धेंत ही चालते काय? तें त्यानें पाहिलेंच नव्हतें. दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत दुर्बिणीस मज्जाव आहे. तेथें दहाचा ठिपका अर्ध्या मि.मी.चा असतो, आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनीं २०२२ सालीं कैरो येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें तें बारीक छिद्रांतून पाहून. कुसाळे यांचें पदकही दुर्बिणीविनाच. इंग्लंडादि देशांत फील्ड टार्गेट नांवाचा खेळ आहे. त्यांत पन्नास मीटरपर्यंतचीं धातूचीं निशाणें पाडतात व दुर्बिणीचें कडें फिरवून अंतरही अजमावतात. तेथें अधिक पटींस काम आहे. परसांत केवळ विरंगुळ्यासाठीं पंचवीस मीटरवर नेम धरणारास तीन ते नऊ पटींची, दहा मीटरपर्यंत स्पष्ट होणारी, स्प्रिंगच्या हवेच्या बंदुकीसाठींच केलेली दुर्बीण पुष्कळ झाली. तेवढ्याच किंमतींत तिचीं भिंगेंही बहुधा बरीं मिळतात.

तो दोन दिवस माझ्याशीं फारसा बोलला नाहीं. भिक्षावळीचे पैसे होते. मलाही वाईट वाटलें, आणि मुलाचा उत्साह आपण मोजपट्टीनें मारला कीं काय असेंही मनांत आलें. सहाव्या दिवशीं त्यानें स्वतःच दुर्बीण खोक्यांत घातली, चौकोनाचा कागद सोबत जोडला, व दोष काय तो इंग्रजींत लिहिला. त्यांतल्या स्पेलिंगच्या दोन चुका मीं दुरुस्त केल्या. पैसे अद्याप परत आलेले नाहींत.

आज सकाळचा त्याचा कागद माझ्या मेजावर आहे. साध्या माशीनें मारलेले दहा छर्रे. नऊ एकत्र, एक खालीं उजवीकडे गेलेला. तो सातवा होता व चाप ओढतांनाच हात ढळला हें, कागद आणावयास जाण्यापूर्वींच त्यानें मला सांगितलें.