अंश आणि छेद

अपूर्णांक शिकविताना अंशाबरोबर छेदाकडेही पाहावें, असें आम्ही वर्गांत वारंवार सांगत असतों. तीच मुलें मिळवतीं झालीं कीं शेअर घेऊं लागतात, आणि “गुणोत्तर दहाच आहे, म्हणजे शेअर स्वस्त!” असें खुशाल बोलतात. शेअरच्या किमतीला दर शेअरमागील वार्षिक नफ्यानें भागिलें कीं हें गुणोत्तर निघतें. पण तें कोणत्या वाटेनें दहावर आलें, हें एका दिवसाच्या आंकड्यावरून कळत नाहीं.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचेंच पाहा. १९९९ च्या अखेरीस तिचें गुणोत्तर सत्तराहून अधिक होतें. त्या हिशेबी वर्षाचा तिचा नफा सुमारें ७.८ अब्ज डॉलर होता. २०११ च्या वर्षीं तो २३ अब्जांवर गेला. किंमत मात्र निम्म्याहून खालीं आली, आणि गुणोत्तर दहाच्या आंत उतरलें. कंपनीची भरभराट झाली. पण १९९९ च्या डिसेंबरांत जन्माची पुंजी तींत घालणाराला, लाभांश वगळतां, मूळ किंमत पुन्हा दिसण्यास २०१६ साल उजाडावें लागलें! म्हणून निदान दहा वर्षांची किंमत व नफा शेजारीं शेजारीं मांडल्यावांचून कोणीं पैसा गुंतवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उलटही घडतें. २००९ सालीं अमेरिकेंतील पांचशें मोठ्या कंपन्यांचा नफा इतका आटला कीं, किमती कोसळल्या असतांही त्यांचें एकत्रित गुणोत्तर शंभराच्या वर चढलें. आंकडा “महाग” म्हणत होता, आणि बाजारानें त्याच मार्चांत तळ गांठला होता.